ताणकाटा

"हलवू नका हो. सुई थांबू द्या."

"मी कुठं हलवतोय? ती आपली आपण झुलतेय. मी नुसता कान धरलाय तिचा."

कान म्हणजे हँडल. सिस्टरांच्या घराच्या पुढच्या दाराला वर एक जाडजूड आडवी तुळई होती, तुळईला हूक होता, आणि हुकाला बाळं तोलायचा ताणकाटा टांगला होता. एरवी त्या काट्याखाली कापडाची झोळी असायची आणि झोळीत कोणाचं तरी रडणारं बाळ. आज तिथं सबंध सायकल लोंबकळत होती. सिस्टरांचे यजमान, गणिताचे निवृत्त मास्तर, तिला हलकेच धरून उभे होते. सिस्टर स्टुलावर चढून तबकडी वाचत होत्या.

"एक फेरी पूर्ण," त्या म्हणाल्या. "आणि वर सव्वापाच."

"दहा आणि सव्वापाच, सव्वापंधरा," मास्तरांनी बेरीज केली. "अगं, हे धूड घेऊन तू डोंगर चढतेस? घरात मला साधी बादली उचलायला लावतेस."

तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं, दहा किलोच्या वर वजन लावू नये. सिस्टरांनी ते कितीदा तरी वाचलं होतं. पण इतक्या वर्षांत या काट्याला दहा किलोचं मूल कधी लागलंच नव्हतं. "वरच्या वस्तीतलं पोर दहा किलोचं होईतो पाटी घेऊन शाळेत जायला लागतं," असं त्या म्हणायच्या. त्यामुळे ती ओळ त्यांना सूचनेपेक्षा थट्टाच वाटे. सुईसुद्धा बिचारी तक्रार न करता दुसऱ्या फेरीला निघाली होती. सायकल उतरवल्यावर ती परत आली आणि शून्याच्या एक रेघ पुढेच थांबली. सिस्टरांनी काट्यामागचा स्क्रू नखाने जरासा फिरवला आणि तिला शून्यावर आणून उभं केलं.

सायकल डोंगरात चालवायची, जाड टायरांची. पाच वर्षांपूर्वी दरड कोसळून वरच्या वस्तीची गाडीवाट गेली, तेव्हा कुठल्याशा संस्थेने ती आरोग्यकेंद्राला दान दिली होती. दान दिलेल्या वस्तूचं वजन कोणी विचारत नाही. साडेनऊ किलोमीटरची चढण, त्यात दोन ठिकाणी वाट पार तुटलेली. तिथं सायकल खांद्यावर घेऊन दगडांतून जावं लागे. सिस्टरांना पंचावन्नावं चालू होतं आणि दोन्ही गुडघ्यांनी आपापला राजीनामा कधीच लिहून ठेवला होता. आरोग्यखात्याच्या ऑफिसचं पत्र आलं होतं की दर आठवड्याची फेरी झेपत नसेल तर वरची वस्ती महिन्याच्या फेरीत घालू. सिस्टरांनी उत्तर पाठवलं होतं, झेपते.

झेपवायला हवीच होती. वरच्या वस्तीत पंधरा दिवसांपूर्वी एक मुलगी जन्मली होती, एक किलो नऊशे ग्रॅमची. अशा मुलाला महिन्याने बघणं आणि न बघणं सारखंच. गुडघे काही बदलून मिळत नव्हते, तेव्हा सिस्टरांनी सायकल बदलायला घेतली.

*

"हलकं हवं की टिकाऊ?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही एका घरात नांदत नाहीत, सिस्टर. सवती आहेत त्या. एक आली की दुसरी रुसून जाते."

सायकलचे मिस्त्री हे बाजाराच्या टोकाला एका खोलीत, भिंतभर टांगलेल्या रिमांखाली बसत. सुटा भाग दाखवताना ते स्थळ दाखवल्यासारखं बोलत. हे घराणं चांगलं पण नाजूक, हे दिसायला काळंसावळं पण आयुष्यभर साथ देईल. गिऱ्हाइकाला नको ते ते विकत नसत, त्यामुळे एका खोलीच्या दोन झाल्या नव्हत्या.

"मला काही शर्यत लावायची नाही," सिस्टर म्हणाल्या. "तीन वर्षं निघाली पाहिजेत. मग मी रिटायर."

"तीन काय, दहा निघतील असं देतो. पण आधी उतरवायचं, मग बदलायचं. जे नसतं ते सगळ्यात हलकं, आणि ते कधी तुटतही नाही." मिस्त्री सायकलभोवती फिरले. "स्टँड काढा. भिंतीला टेकवून ठेवत जा. मडगार्ड काढा. चिखल उडेल, आंघोळ आहेच. आणि हे कॅरिअर कशाला?"

"असू दे की. कधी कोणाला बसवायची वेळ आली तर?"

"त्या वाटेवर डबलसीट? सिस्टर, तुम्ही एकट्या पोचता तेच खूप. औषधाची पेटी तर पाठीवर असते तुमच्या. सातशे ग्रॅमचा फुकटचा पाहुणा आहे हा."

सिस्टरांनी क्षणभर कॅरिअरकडे पाहिलं आणि मान हलवली. मिस्त्रींनी पाना लावला.

मग बदलायच्या भागांची यादी झाली. जे फिरतं ते आधी, असा मिस्त्रींचा नियम. टायरातला एक ग्रॅम पायाला दोन ग्रॅमसारखा लागतो, म्हणून दोन्ही टायर आणि ट्यूबा हलक्या घ्यायच्या. पण इतक्या पातळ नाहीत की धारेच्या दगडावर पोट फाटेल. मग पुढचं चाक धरणारा चिमटा. दानाच्या सायकलला धक्के खाणारा स्प्रिंगचा चिमटा होता. त्याची स्प्रिंग कधीच मेलेली, धक्के खायचं सोडून तो आता नुसतं वजन खात होता. त्याच्या जागी साधा सरळ चिमटा, एकट्याने दीड किलो उतरवणारा. सीटखालचा दांडा, पायडल, हे त्यानंतर. एकदम नाही, दर आठवड्याला एक-दोन, पगारात बसेल तसं.

"आणि हँडल?" सिस्टरांनी भिंतीवरच्या एका बारीक, काळ्या हँडलवर बोट ठेवलं. उचलून पाहिलं तर हाताला काही लागेचना.

"त्याला हात लावू नका. जिथं तुटलं तर दात पडतात, तिथं हलकं घ्यायचं नाही. हँडल, ब्रेक, पायडलाचा क्रँक, हे जडच बरे. माणसाला एवढं कळलं पाहिजे की वजन कुठं कमी करायचं आणि कुठं नाही."

"मी प्रत्येक वस्तू घरी तोलून बघणार आहे हं, मिस्त्री. आमचा सरकारी काटा आहे. दर वर्षी तपासून शिक्का मारून येतो."

"तोला. माझा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर माल परत."

*

वरच्या वस्तीत आठ घरं. सगळी दगड फोडणाऱ्यांची. पुरुष खाणीवर, बायका घरी आणि खाणीवर दोन्हीकडे. शेवटच्या घरात ती मुलगी, तिची एकोणीस वर्षांची आई आणि आजी. बाप खाणीच्या कामावर दूर कुठे गेलेला. मुलीचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. जरा अंगाने भरू दे, मग ठेवू, असं आजीचं म्हणणं होतं.

पहिल्या मंगळवारी काट्याने दोन किलो दाखवले. सिस्टरांनी आईला कार्ड समजावलं. "हे बघ, इथं दर मंगळवारी मी टिंब देणार. आठवड्याला शंभर ग्रॅम तरी वाढलं पाहिजे. लागोपाठ दोनदा त्याखाली गेलं, तर हिला खाली मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मग खाण, स्वयंपाक, काही सांगायचं नाही मला."

"किती दिवस राहावं लागतं तिथं?"

"महिना धर."

आईने आजीकडे पाहिलं. महिनाभर ती घरी नसली तर आजीचं कोण बघणार, हे तिघींनाही माहीत होतं. आजीला मोतीबिंदू होता. ती माणसं आवाजाने ओळखायची आणि बाकी सगळं हाताने.

दुसऱ्या मंगळवारी सिस्टर नव्या टायरांवर आल्या. काट्याने दोन किलो शंभर दाखवले. आईने कार्डावरचं टिंब बोटाने चाचपून पाहिलं आणि ती पहिल्यांदा हसली. तिला सायकलचं फार कौतुक. अंगणात भिंतीला टेकवलेल्या सायकलपाशी जाऊन म्हणाली, "सिस्टर, तुमची सायकल बारीक झाली की."

"झाली ना? तुझी पोरगी वाढतेय आणि माझी सायकल घटतेय. दोघींना मीच खुराक देते."

तिसऱ्या मंगळवारी दोन किलो दोनशे. आजी मुलीला झोळीतून काढून मांडीवर घेताना थबकली. तिने मुलीला तळहातांवर तोलल्यासारखं धरलं.

"सिस्टरबाई, हलकं लागतंय हो पोर हाताला."

"आजी, तुमच्या हाताला सगळंच हलकं लागतं. दगड उचललेले हात ते."

"दगड उचललेत म्हणूनच म्हणते."

सिस्टर हसल्या. खरं सांगायचं तर मुलीला झोळीत ठेवताना त्यांच्याही हाताला काहीतरी वाटलं होतं. कातडी मनगटाशी सैल होती, रडणं बारीक होतं. पण सुई स्पष्ट होती. "काटा खोटं बोलत नाही, आजी," त्या म्हणाल्या, आणि टिंब दिलं. तीस वर्षं त्या हेच वाक्य बोलत आल्या होत्या, आणि तीस वर्षं ते खरं होतं.

*

घरी दर रविवारी मास्तर सायकलचा कान धरत आणि सिस्टर स्टुलावर चढत. नवा भाग लावून सबंध सायकल टांगायची, एक फेरी आणि वर किती ते पाहायचं, उतरवायची, सुई शून्यावर आणायची. स्क्रू आता दर वेळी थोडा जास्त फिरवावा लागे. काटा जुना झाला, नव्यासाठी अर्ज केला पाहिजे, असं त्या मास्तरांना म्हणाल्या होत्या. अर्ज राहून गेला.

एकच गोष्ट सिस्टरांच्या डोक्यात बसत नव्हती. कॅरिअर गेलं, स्टँड गेला, टायर बदलले, चिमटा बदलला. मिस्त्रींच्या हिशोबाने जवळजवळ साडेतीन किलो उतरायला हवे होते. पाय म्हणत होते, उतरले. तुटलेल्या वाटेवर सायकल खांद्यावर घेताना आता त्यांच्या तोंडून आईगं निघत नव्हतं. शेवटच्या चढावर त्या एकदाही उतरल्या नव्हत्या. पण काटा म्हणत होता, एक फेरी आणि वर साडेचार किलो. काट्यावर किलोसुद्धा पुरतं उतरलं नव्हतं.

"मिस्त्रीनं फसवलं तुला," मास्तर म्हणाले. "लोखंडाला रंग दिलाय आणि हलकं म्हणून गळ्यात मारलंय."

"तसा माणूस नाही हो तो."

"मग आकडा कुठं गेला? आकडे काही उडून जात नाहीत."

त्याच सुमाराला ऑफिसातून फोन आला. सिस्टरांच्या भागातली अकराच्या अकरा मुलं महिनाभर छान वाढली होती. असं आजवर झालं नव्हतं. साहेबांनी अभिनंदन केलं आणि वरच्या वस्तीची साप्ताहिक फेरी चालू ठेवायला तोंडी मंजुरीही दिली. सिस्टरांनी फोन ठेवला आणि मास्तरांना सांगितलं. त्या दिवशी त्या खूश होत्या. हे लिहायला हवं, कारण पुढे त्यांना स्वतःची तीच खुशी सगळ्यात जास्त बोचली.

पाचव्या मंगळवारी मुलीचं वजन दोन किलो चारशे भरलं. आजी या वेळी नुसती मुलीला घेऊन आत गेली. आई म्हणाली, "आता नाव ठेवायला हरकत नाही ना?"

"ठेव की. पुढच्या मंगळवारी मी आले की सांग."

*

शुक्रवारी सकाळी सिस्टर नवं पायडल आणि झोळीसकट ताणकाटा पिशवीत घालून मिस्त्रींच्या दुकानात गेल्या. भांडायला म्हणून गेल्या नव्हत्या, पण सोडायचं नाही असं ठरवून गेल्या होत्या.

"जोडी किती ग्रॅमची म्हणालात, मिस्त्री?"

"तीनशे ऐंशी."

सिस्टरांनी काटा छताच्या हुकाला अडकवला, पायडलांची जोडी दोरीत बांधून टांगली. सुई साडेचारशेच्या पुढे गेली. "बघा."

मिस्त्रींनी खिशातून स्वतःचा काटा काढला. मुठीत मावणारा, खाली आकडी आणि वर आकडे उमटणारी पट्टी. जोडी टांगली. तीनशे ऐंशी.

"तुमचा काटा तुमच्या बाजूनं बोलणारच," सिस्टर म्हणाल्या.

"तसं असेल तर तिसरा आणू." मिस्त्री उठले, शेजारच्या किराणा दुकानातून एक किलोचं पितळी वजन घेऊन आले. आधी स्वतःच्या काट्याला लावलं. एक किलो. मग सिस्टरांच्या काट्याला लावलं. एक किलो दोनशेच्याही थोडं पुढे.

मिस्त्रींना आधी बरं वाटलं. ते म्हणालेही, "घ्या. उगाच माझं नाव खराब." मग त्यांनी सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते थांबले. त्यांनी वजन काढलं, पुन्हा लावलं, काटा हातात घेऊन उलटा केला. "स्प्रिंग ताणली गेलीय याची. पार सैल झालीय, सुई शून्यावर आणली तरी वजनाला जास्त पळते. काय लावलं होतंत याला?"

"सायकल."

"कितीदा?"

मिस्त्रींनी तबकडी उजेडाकडे धरली, तळाची बारीक ओळ वाचली आणि काटा हळूच गल्ल्यावर ठेवला.

सिस्टर मनात भागाकार करत होत्या. त्यांचं गणित कधीच चांगलं नव्हतं. घरात ते काम मास्तरांचं. पण हा भागाकार त्यांना लगेच आला. दोन किलो चारशे नाही. दोनसुद्धा नाही. पहिल्या मंगळवारपासून मुलगी होती तिथंच होती. वाढत होती ती स्प्रिंग.

"तुमचा काटा द्या," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी तो दिला, आणि पायडल लावून द्यायला म्हणून वाकले. पण सिस्टर जुन्याच पायडलांवर निघाल्या होत्या.

*

सायकल इतकी चांगली कधी चालली नव्हती. पहिला चढ त्यांनी एका दमात काढला. तुटलेल्या वाटेवर तिला एका हाताने उचलून खांद्यावर टाकली. मिस्त्रींचा प्रत्येक शब्द खरा होता आणि प्रत्येक भाग नेमका तोच होता जो घ्यायला हवा होता. सिस्टर नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर वर पोचल्या. त्या अर्ध्या तासाचं करायचं काय, ते मात्र कोणी सांगू शकलं नसतं.

आई दारातच होती. "आज कशा आलात? आज मंगळवार नाही ना?"

"तिला आण. झोळीत घाल."

मुठीएवढ्या काट्यावर आकडे जरा नाचले आणि स्थिर झाले. एक किलो आठशे ऐंशी.

आईला वाचता येत नव्हतं, आकडे येत होते. तिने पहिलाच आकडा एक बघितला, मग सिस्टरांकडे बघितलं. "हा काटा बिघडलाय का?"

खोटं बोलायला जागा होती. सिस्टरांनी ती घेतली नाही. "हा नाही. माझा बिघडला होता. मी सायकल लावली त्याला. तुझी मुलगी वाढलेलीच नाही. आपल्याला आत्ता खाली जायचंय."

आजी आतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली असती, तर सिस्टरांना बरं वाटलं असतं. तिने फक्त चाचपडत झोळी नीट केली, मुलीचं डोकं आत सारलं आणि सुनेला म्हणाली, "तू जा. मी बघते माझं."

मुलीला झोळीसकटच आईच्या छातीशी बांधलं. अंगणात सायकल भिंतीला टेकलेली होती. आईने तिच्याकडे पाहिलं. "मी मागं बसू का? लवकर जाऊ." मागे बसायला काही नव्हतं. नुसते दोन बोल्ट राहिले होते.

त्या चालत निघाल्या. पहिल्या तुटलेल्या वाटेपर्यंत सिस्टर एका हाताने सायकल ढकलत होत्या आणि दुसऱ्या हाताने आईचा दंड धरत होत्या. मग त्यांनी सायकल एका दगडाला टेकवली आणि तशीच सोडून दिली. आई दमली तेव्हा मुलीला त्यांनी स्वतःच्या छातीशी बांधून घेतलं. साडेनऊ किलोमीटर दोघींनी तिला आलटून पालटून नेलं. आजीच्या हाताला जे तिसऱ्या मंगळवारी कळलं होतं, ते सिस्टरांच्या हातांना त्या वाटेवर पावलापावलाला कळत राहिलं.

*

मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने मुलीला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकात नळी घातली. दोन दिवस आशा वाटली. दवाखान्याच्या काट्यावर चाळीस ग्रॅम वाढ झाली. तिसऱ्या दिवशी छातीत संसर्ग उतरला, आणि चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

डॉक्टरने कार्ड हातात घेतलं. चढत गेलेली पाच टिंबं त्याने पाहिली. "तुमच्याकडून काही राहिलेलं नाही, सिस्टर," तो समजुतीने म्हणाला. "वाढ चांगली चालली होती. मग एकाएकी काहीतरी झालं. होतं असं कधी कधी. मी तसं लिहितो."

त्याने तसं लिहिलं असतं तर कोणी विचारणार नव्हतं. आई बाहेरच्या बाकावर बसलेली होती आणि तिच्याकडे कार्ड मागणारं या जगात कोणी नव्हतं.

"पेन द्या," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या टिंबापासून प्रत्येक टिंबावर एकेक आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, काटा सैल, वजन चूक. खाली सही केली आणि तारीख घातली. मग केंद्रात परत येऊन नोंदवहीत अकराही मुलांच्या आकड्यांवर तशीच रेघ मारली. नव्या काट्याने सगळ्यांना पुन्हा तोललं, तेव्हा आणखी दोघांना खाली पाठवावं लागलं. ती दोघं जगली.

चौकशी झाली. साहेब सभ्य होते, त्यांनी अभिनंदनाचा उल्लेखही केला नाही. सिस्टरांना औषधांच्या खोलीत बसवण्यात आलं, गोळ्यांची पाकिटं मोजायला. वरची वस्ती दोन महिन्यांच्या फेरीत गेली. मास्तरांनी तुळईचा हूक काढून टाकला. एकदाच जेवताना म्हणाले, "बेरीज मीच करत होतो. एवढा फरक येतोय म्हणताना दुसऱ्याचा काटा तपासायला निघालो, आपला नाही." सिस्टरांनी त्यांच्या ताटात वाढलं. दोघांनाही जेवण गेलं नाही.

वाटेत सोडलेली सायकल मिस्त्री घेऊन आले. वरपर्यंत पायी गेले होते. येताना तिच्यावर बसले नाहीत, हातात धरून आणली. सिस्टरांच्या ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवली आणि सवयीने साखळीला तेल घातलं. "दहा वर्षं काही होत नाही हिला," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग ते तिथं थांबू शकले नाहीत.

*

पंधरा दिवसांनी सकाळी आई दारात उभी होती. एकटीच, पायी आलेली. तिच्या हातात ती झोळी होती, धुऊन, चौकोनी घडी घालून.

"सरकारी आहे ना," ती म्हणाली. "परत द्यायची राहिली होती."

सिस्टरांनी घडी दोन्ही हातांत घेतली. एक कापड देण्यासाठी ही साडेनऊ किलोमीटर उतरून आली होती आणि तेवढंच चढून जाणार होती. त्यांना म्हणायचं होतं, बस, पाणी घे, मला शिव्या दे. त्यांच्या तोंडून "आजी कशा आहेत?" एवढंच आलं.

"आहेत." आई जरा घुटमळली. "सिस्टर, शेवटी तरी वजन वाढलं होतं का हो? थोडं तरी?"

"चाळीस ग्रॅम."

"खरं?"

"खरं. त्यांच्या काट्यावर. दोन दिवसांत चाळीस ग्रॅम."

आईने मान हलवली. चाळीस म्हणजे किती ते ती मनाशी धरून बघत असावी. मग ती जायला वळली आणि ओट्यावरच्या सायकलपाशी थांबली. हँडलवर धूळ होती. तिने पदराने ती पुसली. मग मधला दांडा एका हाताने धरला आणि सायकल उचलून पाहिली. ती अलगद वर आली.

"खरंच की," ती म्हणाली. "काहीच वजन नाही हिला."

तिने सायकल खाली ठेवली. स्टँड शोधला, तो नव्हता. मग हँडल फिरवून तिने ती भिंतीला नीट टेकवली, हात सोडून पडत नाही ना ते पाहिलं, आणि चढाच्या वाटेला लागली.